वर्कहाऊसच्या पायरीवरची बाई: जॉन थॉमसनच्या एका छायाचित्राचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या सेंट जाइल्स भागात शॉर्ट्स गार्डन्स नावाची एक गल्ली आहे. १८७७ साली तिथल्या वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या घराच्या, दगडी पायरीवर एक बाई बसली होती. डोक्यावरून ओढलेलं कापड, अंगावर जुने जाडेभरडे कपडे, मान कललेली, डोळे जेमतेम उघडे. अंगाशी गुंडाळून धरलेलं तान्हं मूल. बाजूला चहाची किटली आणि कप. जॉन थॉमसन नावाच्या स्कॉटिश छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तो ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ या मालिकेत छापून आला. फोटोचं नाव ‘द क्रॉलर्स’. सरपटणाऱ्या बायका.

हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला त्याला बरीच वर्षं झाली. पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं तेच मलाही वाटलं होतं: घरदार गेलेली, लेकराला घेऊन रस्त्यावर आलेली आई. पुढे कधीतरी फोटोसोबत छापलेला मजकूर वाचला आणि मी चाट पडलो. ते मूल तिचं नव्हतंच. मुलाची आई कॉफीच्या दुकानात कामाला लागली होती, आणि ती कामावर असताना ही बाई तिचं मूल सांभाळत होती. त्या बदल्यात तिला थोडा पाव आणि चहा मिळत असे.

म्हणजे फोटो काढला त्या घडीला ती बाई कामावर होती.

छायाचित्रणाच्या इतिहासात हा फोटो हतबलतेचं, हातपाय गाळून बसलेल्या माणसांचं प्रतीक म्हणून दाखवला जातो. मी रविवारी फोटोग्राफीचा छोटासा वर्ग घेतो. दर नव्या तुकडीला हा फोटो आधी मजकुराविना दाखवतो आणि मग मजकूर वाचून दाखवतो. या एका प्रकरणात रस्त्यावरच्या फोटोग्राफीचे बहुतेक सगळे प्रश्न येतात, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

पायरीपर्यंतचा प्रवास

थॉमसनचा जन्म १४ जून १८३७ चा, एडिंबरो शहरातला. वडील तंबाखूच्या धंद्यात. नऊ भावंडांत हा आठवा. शाळा आटोपल्यावर त्याला दुर्बिणी, भिंगं आणि शास्त्रीय उपकरणं बनवणाऱ्याकडे उमेदवारीला घातलं. हाताला भिंगांची सवय तिथे लागली आणि फोटोचं तंत्रही त्याच काळात अवगत झालं. संध्याकाळी वॉट इन्स्टिट्यूशनचे वर्ग करायचा. कारागिराच्या घरातला, कारागिरी शिकलेला हा मुलगा होता. पुढे त्याने राजे-महाराजांचे फोटो काढले खरे, पण त्याची नजर घडली ती कामकरी माणसांत. रस्त्यावरच्या छत्री दुरुस्त करणाऱ्याची हत्यारं तो इतक्या आस्थेने चौकटीत घेतो, त्याचं मूळ मला या उमेदवारीत दिसतं.

१८६२ साली तो सिंगापूरला गेला. थोरला भाऊ विल्यम आधीपासून तिथे होता. दोघांनी मिळून जहाजांवरची घड्याळं आणि उपकरणं विकायचा धंदा मांडला, जोडीला फोटो स्टुडिओ. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, तेव्हा त्याची पडझड टिपायला तो हिंदुस्थानातही येऊन गेला. १८६५ मध्ये सयाम, म्हणजे आजचं थायलंड, तिथे राजा मोंगकुटचे फोटो. १८६६ च्या सुरुवातीला जंगलातून अंकोरवाट. वाटेत तापाने बेजार झाला, तरी पोहोचला. अंकोरच्या मंदिरांची पहिली छायाचित्रं त्याच्या नावावर आहेत. १८६८ पासून हाँगकाँगला स्टुडिओ आणि तिथून चीनभर भटकंती. १८७२ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि पुढल्या दोन वर्षांत ‘इलस्ट्रेशन्स ऑफ चायना अँड इट्स पीपल’ हा चार खंडांचा, २०० छायाचित्रांचा ग्रंथ निघाला.

चीनमधला त्याचा एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे लंडनमध्ये त्याची आठवण येणार आहे. लोक त्याला जादूटोणा करणारा समजत. कॅमेरा हे काळं यंत्र, ते खडकाच्या आरपार पाहतं, माणसाचा प्राण ओढून घेतं, ज्याचा फोटो निघाला तो फार दिवस जगत नाही, अशी समजूत होती. त्याने दगडही खाल्ले. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही जुनी माणसं ‘फोटो काढला की आयुष्य कमी होतं’ म्हणायची. माझ्या आजीचा एकुलता एक फोटो आहे तो तिच्या नकळत काढलेला.

ओली काच

त्या काळी फोटो कसा निघायचा ते समजल्याशिवाय पायरीवरची बाई समजत नाही.

फिल्म नव्हती. काच होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने शोधलेली ओल्या कोलोडियनची रीत तेव्हा सर्वत्र चालू होती. स्वच्छ घासलेल्या काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच हातात धरून चारी कोपऱ्यांकडे तिरकी करत ते सारखं पसरवायचं. जाडसर धिरडं घालताना तवा फिरवावा तसा हात फिरवावा लागतो, आणि एका कोपऱ्यातून जास्तीचं द्रावण परत बाटलीत सोडावं लागतं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. बाहेर काढली की ती ओली असेपर्यंतच तिला उजेड कळतो. म्हणजे कॅमेऱ्यात घालणं, फोटो घेणं आणि पुन्हा अंधारात नेऊन धुणं, सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. वाळली की काच वाया. म्हणून फोटोवाल्याबरोबर अंधाराचा तंबू किंवा हातगाडी असायचीच. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडायची ती निराळीच.

काच उजेडाला मंद. काही सेकंद तरी समोरच्याने हलायचं नाही. हलला तर चेहऱ्याच्या जागी धूर.

आता असा माणूस सेंट जाइल्समधल्या गल्लीत उभा राहिला तर काय होईल? गुपचूप फोटो काढणं शक्यच नाही. तिवईवरचा पेटीएवढा कॅमेरा, काळं कापड, बाटल्या, तंबू. पाच मिनिटांत गल्लीतली पोरं गोळा होणार. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याशी बोलावं लागणार, त्याला ‘थांबा, हलू नका’ सांगावं लागणार, त्याने ते ऐकावं लागणार. ‘स्ट्रीट लाइफ’मधला प्रत्येक फोटो असा ठरवून, बसवून, राजीखुशीने घेतलेला आहे.

आमच्या वर्गातल्या मुलांना हे ऐकून वाईट वाटतं. त्यांना वाटतं, म्हणजे हे खरे स्ट्रीट फोटो नव्हेतच, ही तर पोझ. मी त्यांना मंडईतला माझा अनुभव सांगतो. पालेभाजीच्या ढिगामागे बसलेल्या एका आजींचा फोटो मी लांबून, लांब भिंगाने काढला होता. फार सुरेख आला. तो त्यांना दाखवला तर त्या म्हणाल्या, “अरे, हा कशाला काढलास बाबा? मला सांगायचं तरी. थांब.” त्यांनी पदर नीट केला, समोरची मेथीची जुडी उचलून हातात घेतली आणि ताठ बसल्या. दुसऱ्या फोटोत त्या म्हणजे आपल्या गाळ्याच्या धनी होत्या. पहिल्यात एक थकलेली म्हातारी होती. दोन्ही खरे. पण दुसऱ्यात त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं.

ओल्या काचेने थॉमसनला दुसरा फोटोच काढायला भाग पाडलं. आणि पायरीवरच्या बाईच्या चेहऱ्यावर जी जड, गोठल्यासारखी शांतता दिसते, तीही थोडी या काचेची आहे. खचलेपण तिच्यात होतंच; पण न हलता बसणं तिने फोटोसाठी केलं. मांडीवर मूल घेऊन, सेकंदामागून सेकंद. तान्ह्याला घेऊन स्तब्ध बसणं काय असतं ते मूल वाढवलेल्या कुणालाही विचारा.

मजकुराचा सूर बदलतो ती जागा

‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ फेब्रुवारी १८७७ पासून दरमहा, बारा भागांत निघालं. प्रत्येक भागात तीन फोटो आणि त्यांवरचे लेख. थॉमसनबरोबर लिहायला होता अडॉल्फ स्मिथ, समाजवादी विचारांचा पत्रकार. काही लेख थॉमसनचे, बरेचसे स्मिथचे. ‘क्रॉलर्स’ स्मिथने लिहिला आहे. प्रस्तावनेत दोघांनी हेन्री मेह्यूचं ऋण मान्य केलं आहे. त्याने पंचवीसेक वर्षांपूर्वी लंडनच्या गरिबांच्या हकिकती त्यांच्याच तोंडून नोंदवल्या होत्या. आपलं वेगळेपण काय, तर छायाचित्राची साक्ष. फोटो जोडला की गरिबांचं वर्णन कमी केलं किंवा फुगवून सांगितलं असा आरोप येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला या दाव्याबद्दल शंका आहे आणि ती या प्रकरणातूनच आली आहे.

‘क्रॉलर्स’ लेखाची सुरुवात कडक आहे. या बायका कोण? व्यसनाने आणि दारिद्र्याने इतक्या खालावलेल्या म्हाताऱ्या की भीक मागायचीही ताकद उरली नाही. धडपड करण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करतात. रात्रंदिवस एकमेकींची ऊब घेत पायरीवर पडून असतात. ‘व्यसन’ हा शब्द ‘दारिद्र्या’च्या आधी आला आहे, हे पाहण्यासारखं आहे. त्या काळच्या सुखवस्तू वाचकाला हेच ऐकायची सवय होती.

मग लेखक एका बाईकडे वळतो. हीच, फोटोतली. आणि सूर बदलतो. ती एका शिंप्याची विधवा. नवरा जाऊन दहाएक वर्षं झालेली. त्यानंतर ती लेकीकडे राहू लागली. जावई संगमरवराला झिलई करणारा कारागीर. त्याची तब्येत ढासळलेली, आणि कामाची मुळात फारशी आवड नाही. घरात सासू, लेक, जावई आणि बाईचा पंधरा वर्षांचा मुलगा. रोजची भांडणं. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी आपल्यामुळे लेकीच्या संसाराला त्रास होतोय हे पाहून ती धाकट्या मुलाला घेऊन, हातात एक पैसा नसताना, घराबाहेर पडली.

हे वाचताना सेंट जाइल्स कुठल्या कुठे राहतं. जावयाच्या घरी राहणाऱ्या आईची कुचंबणा मराठी वाचकाला कुणी समजावून द्यायला नको. ‘लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये’ म्हणणाऱ्या पिढीची माणसं आपण पाहिली आहेत. ती बाई दारूपायी रस्त्यावर आली नव्हती. लेकीचा संसार टिकावा म्हणून आली होती.

आणि मग स्मिथ लिहितो की यांच्यातल्या काही जणी वरवर दिसतात तितक्या निर्जीव नाहीत; चार दिवस बरा निवारा आणि बरं अन्न मिळालं तर त्यांच्यात आश्चर्य वाटावं असा बदल होईल. ही अवस्था दर वेळी त्यांनीच ओढवून घेतलेली असते असं नाही. तितक्याच वेळा ती वाईट परिस्थितीने आणि अपघाताने येते.

एकाच लेखात माणूस स्वतःचं म्हणणं फिरवतो. पहिल्या परिच्छेदात तो एका जमातीबद्दल बोलत होता, पुढे एका बाईबद्दल. या प्रकरणातली मोलाची गोष्ट मला तीच वाटते. तिचा नवरा कोण, जावई काय करतो, मूल कुणाचं, हे विचारल्यावर तिला ‘सरपटणारी’ म्हणणं अवघड झालं. शीर्षक मात्र तेच राहिलं. तिचं नाव लेखात नाही. आज दीडशे वर्षांनीही ती ‘क्रॉलर’ म्हणूनच ओळखली जाते.

विचारतील कुणी, की दार वर्कहाऊसचं, मग ती आत का गेली नाही? तात्पुरत्या निवाऱ्याचा जो विभाग असे, तिथे एक रात्र झोपायला मिळे, पण १८७१ च्या कायद्याने दुसऱ्या दिवशी नेमून दिलेलं काम पुरं केल्याशिवाय आणि सकाळचे अकरा वाजल्याशिवाय बाहेर सोडत नसत. काम म्हणजे बहुधा जहाजांचे जुने डांबरट दोरखंड बोटांनी उकलणं. अकराला बाहेर पडल्यावर त्या दिवशी कुठलं काम मिळणार? रोजावर जगणाऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. पायरीवर झोपलं तर निदान सकाळ आपली राहते. यात मला आळस कुठेच दिसत नाही, हिशेब दिसतो.

शेजारची पानं

एकट्या फोटोवर थांबलं तर थॉमसनवर अन्याय होईल, म्हणून त्याच मालिकेतले दोन-तीन फोटो.

पहिलाच लेख भटक्यांवर आहे, थॉमसनने स्वतः लिहिलेला. बॅटरसीच्या मोकळ्या जागेत उभी असलेली त्यांची गाडी, पायऱ्यांवर बसलेली मेरी प्रॅड नावाची बाई. काही दिवसांनी थॉमसन तो फोटो घेऊन टोळीतल्या विल्यम हॅम्प्टनकडे गेला, तर तो पाहून म्हणाला, ही तर म्हातारी मेरी प्रॅड, गेल्या महिन्यात लंडनच्या बरो भागात खून झाला तिचा. चीनमध्ये ज्या माणसाने ‘फोटो काढला की माणूस मरतो’ या समजुतीबद्दल लिहिलं, त्याच्या लंडनच्या पुस्तकाचं पहिलंच पान असं उघडावं, हे वाचून अंगावर काटा येतो. आणि थॉमसन फोटो परत दाखवायला जात असे, हेही त्यातून कळतं. इथे बाईला नाव आहे, कारण कुणीतरी फोटो पाहून तिचं नाव घेतलं.

क्लॅपहॅम कॉमनवरचा फोटो मला फार आवडतो, कारण तिथे थॉमसनने आपल्याच व्यवसायातला माणूस टिपला: मैदानावर कॅमेरा मांडून बसलेला फिरता फोटोवाला. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः श्रीमंतांची मुलं फिरवायला आणणाऱ्या दाया. दाई बाळाचा फोटो काढून घरी नेते, मालकीण खूश होते, आणखी प्रती मागवते. आपल्याकडे देवळाबाहेर, जत्रेत, चौपाटीवर मिनिटात फोटो देणारे फोटोवाले होते, त्यांचा हा सख्खा पूर्वज. मूल सांभाळणारी बाई दोन्ही फोटोंत आहे, क्लॅपहॅमच्या मैदानावर आणि वर्कहाऊसच्या पायरीवर. एकीला पगार, दुसरीला पाव आणि चहा.

तिसरा, लँबेथमधल्या पूरग्रस्तांचा. १८७७ च्या जानेवारीत थेम्सचं पाणी वस्तीत शिरलं, त्यानंतर दारात सामान घेऊन उभी राहिलेली कुटुंबं. १८७९ मध्ये पूर रोखण्यासाठी नदीकाठच्या बांधकामांचा कायदा झाला, आणि या फोटोंमुळे तो झाला असं कधी कधी सांगितलं जातं. मला हे सरळ जोडणं पटत नाही. कायद्यामागे पुरांची मालिका होती, नगरपालिकांचे वाद होते. फोटोने हात लावला असेल, गाडा ओढला असं म्हणू नये.

मुंबईतली कात्री

त्याच सुमाराची मुंबई या प्रकरणाशेजारी ठेवली की फरक ठळक होतो. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने शहरातल्या जातीजमातींचे, व्यापाऱ्यांचे, कारागिरांचे गट टिपून १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसांचे फोटो वेगळे काढून, कातरून, निराळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेले आहेत. पोशाख स्पष्ट, पागोट्याचा घाट स्पष्ट. माणूस मात्र जिथे उभा आहे तिथे कधी उभाच नव्हता. त्याच काळात सरकारी छत्राखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, १८६८ ते १८७५ मध्ये. तिथेही माणूस म्हणजे जातीचा नमुना.

थॉमसनच्या प्रस्तावनेतही ‘नमुने’ हा शब्द आहे. चीनमधली त्याची कित्येक चित्रं याच पठडीतली आहेत. त्याला यातून सूट देता येत नाही. पण पायरीवरच्या बाईला कातरून दुसरीकडे चिकटवता येत नाही. दगड, दार, किटली, दुसरीचं मूल, सगळं मिळूनच ती आहे.

शिशाचा साचा

छपाईबद्दल थोडं सांगायलाच हवं. वर्तमानपत्रात छापतात तशी ठिपक्यांची छपाई तेव्हा आलेली नव्हती. ‘स्ट्रीट लाइफ’चे फोटो वुडबरीटाइप पद्धतीने छापले. वॉल्टर वुडबरीने १८६४ मध्ये हिचं पेटंट घेतलं. हा वुडबरी स्वतः जावामध्ये स्टुडिओ चालवून आलेला. निगेटिव्हखाली जिलेटिनचा पातळ थर ठेवून उजेड द्यायचा. जिथे उजेड जास्त तिथे जिलेटिन घट्ट होतं. बाकीचं गरम पाण्यात धुऊन जातं. उरतो तो उंचसखल पापुद्रा, वाळला की कडक. तो प्रचंड दाबाच्या यंत्रात शिशाच्या पत्र्यावर दाबायचा. आश्चर्य असं की शिसं दबतं, जिलेटिन टिकतं. या साच्यात रंगवलेलं पातळ जिलेटिन ओतून वर कागद दाबायचा. जिथे खोल तिथे थर जाड आणि काळा, जिथे उथळ तिथे फिका. ठिपका नाही, दाणा नाही. आणि रंग टिकाऊ, उडत नाही.

एकच अडचण: अक्षरांच्या यंत्रावर हे छापता येत नाही. म्हणून प्रत्येक फोटो वेगळा छापून, कापून, हाताने पानावर चिकटवायचा. दर प्रतीत तीन फोटो, दर महिन्याला. त्या काळच्या चांदीवर केलेल्या कित्येक प्रती पिवळ्या पडल्या, विटल्या. पायरीवरची बाई मात्र जशीच्या तशी आहे. तिच्या कपड्याची वीण मोजता येते.

नंतरचा थॉमसन

‘स्ट्रीट लाइफ’ एका वर्षात संपलं. १८७८ च्या शरदात थॉमसन सायप्रसला जाऊन आला आणि मग लंडनमध्येच स्थिरावला, पोर्ट्रेट स्टुडिओ काढून. आधी बकिंगहॅम पॅलेस रोड, मग मेफेअर या श्रीमंत वस्तीतला ग्रॉव्हनर स्ट्रीट. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून राजघराण्याचा छायाचित्रकार म्हणून सनद मिळाली. १८८६ पासून रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत तो प्रवाशांना फोटोग्राफी शिकवू लागला. इझाबेला बर्डसारखी नामांकित प्रवासी त्याच्याकडे शिकली. १९१० च्या सुमाराला धंदा आवरून एडिंबरोला परतला आणि १९२१ मध्ये, ८४ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. शेवटच्या दिवसांत त्याने आपल्या काचा हेन्री वेलकम या औषध उद्योजक संग्राहकाला विकायची बोलणी चालवली होती. सहाशेहून जास्त काचा आज वेलकमच्या संग्रहात आहेत.

काही अभ्यासक म्हणतात, रस्ता सोडून तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला. मला हा ठपका मान्य नाही. सहा मुलांचा बाप होता, आणि रस्त्यावरच्या फोटोवर घर चालत नाही हे त्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. पण दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहायलाच हवीत. मेफेअरच्या स्टुडिओत येणारी बाई वेळ ठरवून येते. आवडता झगा घालते. नमुना प्रत पाहते, आवडली नाही तर ‘पुन्हा काढा’ म्हणते. निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या मिटवून घेते. फोटोखाली आपलं नाव लिहवून घेते. शॉर्ट्स गार्डन्समधल्या बाईकडे यातलं एकच होतं: हलायचं की नाही हलायचं, एवढंच तिच्या हातात. ती हलली नाही.

वर्गात मजकूर वाचून झाला की मी फोटो पुन्हा पडद्यावर लावतो आणि काही न बोलता थांबतो. मागच्या तुकडीतली एक मुलगी, जिची आई दोन घरची मुलं सांभाळते, बराच वेळ पाहत होती. मग तिने विचारलं, “सर, मुलाची आई किती वाजता परत यायची?” त्या दिवशी आम्ही कॅमेरे बाहेर काढलेच नाहीत. तासभर त्या बाईच्या दिवसाबद्दलच बोलत बसलो: मूल रडलं की ती काय करत असेल, दूध कुठून आणत असेल, पाऊस आला की पायरीवर मुलाला कोरडं कुठे ठेवत असेल, आणि किटलीतला चहा तोवर गरम राहत असेल का.